सामायिक बागेतल्या टोमॅटोसाठी ठिबक संच: एका हंगामानंतर

आमच्या सामायिक बागेत माझा दहा बाय बारा फुटांचा वाफा आहे. त्यात दोन-दोन फुटांवर टोमॅटोची बारा रोपं. बाग घरापासून लांब, त्यामुळे जाणं व्हायचं आठवड्यातून तीनदा, आणि गेले की मी नळीने भरपूर पाणी सोडून यायचे. गेल्या हंगामात पहिला घड पिकायला लागला तेव्हा एक टोमॅटो हातात घेऊन उलटा केला. देठाकडे छान लाली, आणि बुडाशी नाण्याएवढा काळा, चामड्यासारखा चपटा डाग. त्या घडातली चार फळं तशीच गेली. फार वाईट वाटलं.

शेजारच्या वाफ्यावरच्या काकूंनी कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं घालायला सांगितली. घातली, पण ती मातीत मुरायला फार वेळ लागतो. शिवाय मातीत कॅल्शियम असूनही पाणी कधी धो धो, कधी थेंबही नाही, असं झालं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं. माझं नेमकं तेच होत होतं.

म्हणून यंदा टायमरवाला ठिबक संच घेतला. 16 मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे रोपांजवळून जाणारी नळी, आणि तिच्यावर प्रत्येक रोपाला तासाला 2 लिटर पाणी थेंबथेंब सोडणारे दोन ड्रीपर. रोज पहाटे चाळीस मिनिटं, म्हणजे रोपामागे अडीच लिटरच्या थोडं वर. वर वाळलेल्या गवताचं आच्छादन. आता बोट खुपसलं की माती रोज सारखीच ओलसर लागते. बुडाशी काळी पडलेली फळं अख्ख्या हंगामात दोनच निघाली, तीही पहिल्या तोड्यात. पानं कोरडी राहिल्यामुळे करपा हा पानांवरचा रोगही खालच्या दोन-चार पानांवरच थांबला. ती मी लगेच खुडून टाकली.

आता तक्रारी. संचासोबत आलेला फिल्टर अगदी चिमुकला आहे. बागेच्या टाकीतून बारीक गाळ येतो, आणि तिसऱ्या आठवड्यात चार ड्रीपर चोक झाले. टोकाची दोन रोपं माना टाकून उभी होती. तेव्हापासून दर रविवारी फिल्टर धुते आणि लॅटरलचं टोक उघडून पाणी सोडते. मोठा फिल्टर आधीच बसवला असता तर बरं झालं असतं. दुसरं म्हणजे, नळ सगळ्यांचा असतो. टायमर थेट नळाला लावला तर बाकीच्यांनी पाणी कुठून घ्यायचं? दोन तोंडांची तोटी वेगळी घ्यावी लागते, ती संचात नाही. मी ती बसवेपर्यंत कुणीतरी टायमर काढून ठेवायचं आणि परत लावायला विसरायचं. त्यांचा तरी काय दोष!

बगलफुटी (पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब) काढणं, सुतळीने बांधणी करणं यासाठी जावं लागतंच. पण आता तो वेळ पाणी घालण्यात जात नाही, झाडाजवळ बसता येतं. पाचपैकी चार तारे. एक फिल्टरसाठी कापला. काकूंनीही परवा लॅटरल मोजायला माझ्याकडून टेप नेली.