लहान आतड्याची तपासणी: कॅप्सूल, फुग्याची दुर्बीण आणि बाजारातून गेलेला स्पायरल

जठराची नेहमीची दुर्बीण ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) पलीकडे फारशी जात नाही आणि कोलोनोस्कोपी लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरवर थांबते. मधलं कित्येक मीटर आतडं दोन्हीकडून राहून जातं. हिमोग्लोबिन घसरतंय आणि दोन्ही तपासण्या नॉर्मल, अशा रुग्णाला इथून पुढची साधनं लागतात. आमचं मत आधीच सांगतो: शोधायला कॅप्सूल (गिळायचा छोटा कॅमेरा), उपचाराला फुग्याची दुर्बीण (फुग्यांच्या आधाराने आतड्यात खोल जाणारी). दोन्ही सुरक्षित आहेत, पण सुरक्षिततेचे आकडे सरासरीचे असतात आणि गुंतागुंत होते ती बहुधा सरासरीत न बसणाऱ्या रुग्णाला.

कॅप्सूल 2001 पासून वापरात आहे. साधारण 26 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर जाड. सेकंदाला 2 ते 6 फोटो काढते आणि बॅटरी मॉडेलप्रमाणे 8 ते 12 तास चालते. भूल नाही, पोटात हवा भरणं नाही. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायच्या, कारण त्यांचा काळा थर अस्तरावर बसला की फोटोत काहीच कळत नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, आतडं साफ करणारं 2 लिटर पॉलिइथिलीन ग्लायकॉल घ्यायचं, वर बुडबुडे जाण्यासाठी सिमेथिकोन. कॅप्सूल गिळल्यावर 2 तासांनी नितळ पेय, 4 तासांनी हलकं खाणं.

सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी त्यानंतरची. तासाभराने रेकॉर्डरच्या स्क्रीनवर कॅप्सूल जठरातून बाहेर पडली का ते बघायचं. जुना मधुमेह असलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात ती तासन्‌तास जठरातच लोळत राहते, बॅटरी तिथेच संपते आणि तपासणी फुकट जाते. वेळेत लक्षात आलं तर जठराची हालचाल वाढवणारं औषध देता येतं, नाहीच जमलं तर दुर्बिणीने ड्युओडेनममध्ये सोडता येते.

कॅप्सूल थांबत नाही, मागे वळत नाही, अस्तर धुऊन बघत नाही. ड्युओडेनमचा सुरुवातीचा भाग ती क्षणात ओलांडते. भिंतीच्या आतून वाढणारी एकुलती गाठ एखाद्याच फोटोत दिसते, कधी एकाही नाही. त्यामुळे रक्तस्राव चालू असताना ‘नॉर्मल’ आलेला रिपोर्ट शेवटचा मानू नये. सीटी एन्टरोग्राफी (लहान आतड्याचं खास सीटी स्कॅन) किंवा पुन्हा कॅप्सूल, यांचा विचार व्हायलाच हवा. वेळेलाही महत्त्व आहे: उघड रक्त जात असेल तर 48 तासांच्या आत कॅप्सूल दिली तर कारण सापडण्याची शक्यता बरीच जास्त. तीन आठवड्यांनी अपॉइंटमेंट मिळत असेल तर त्या सोयीचा फारसा उपयोग नाही.

मुख्य धोका एकच, पण खरा: अडकणं. दोन आठवड्यांनंतरही कॅप्सूल पोटातच असेल तर ती अडकली असं धरतात. रक्तस्रावासाठी केलेल्या तपासणीत हे शंभरात एक-दोघांना होतं. क्रोन्सचं (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराचं) निदान आधीच झालेलं असेल तर प्रमाण त्याहून बरंच जास्त. वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावं. त्यांच्या आतड्यात पडद्यासारखी पातळ कडी तयार होते, जी सीटीत सहज सुटते. क्षयरोग, पोटावर घेतलेलं रेडिएशन आणि आधीची शस्त्रक्रिया याच यादीत येतात. अशांना आधी पेटन्सी कॅप्सूल (रस्ता मोकळा आहे का हे बघणारी, कॅमेरा नसलेली) द्यावी: आकार तोच, पण आत लॅक्टोज आणि बेरियम, साधारण 30 तासांनी विरघळू लागणारी. तोवर ती अखंड बाहेर पडली तर रस्ता मोकळा. बाहेर दिसली नाही म्हणून साधा एक्स-रे काढला की घोळ होतो, कारण ओटीपोटातली सावली लहान आतड्यातली की मोठ्या, हे त्यावरून ठरत नाही. तिथे कमी मात्रेचं सीटीच करावं. अडकलेली कॅप्सूल बहुतेकदा दुखत नाही. ती फुग्याच्या दुर्बिणीने काढता येते, नाहीतर शस्त्रक्रिया. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.

दुहेरी फुग्याची पद्धत जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांची. दोन मीटरची दुर्बीण, तिच्यावर सरकणारी ओव्हरट्यूब, दोघींच्या टोकाला एकेक फुगा. एक फुगा आतडं धरून ठेवतो, दुसरी नळी पुढे जाते, मग दोन्ही मागे ओढून आतडं बाहीच्या चुण्यांसारखं नळीवर गोळा करायचं. फुगे लॅटेक्सचे असतात, तेव्हा ॲलर्जी आधी विचारावी. एकेरी फुग्याच्या प्रकारात सिलिकॉन असतं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरणारं केंद्र निवडावं. तो वायू लवकर शोषला जातो, पोट कमी दुखतं आणि दुर्बीण अधिक खोल जाते. कॅप्सूलच्या फोटोतली जखम लहान आतड्यातल्या प्रवासाच्या पहिल्या दोन-तृतीयांश वेळात दिसली तर तोंडातून, त्यापुढे असेल तर खालून.

नुसत्या तपासणीत मोठी गुंतागुंत शंभरात एकाहून कमी, उपचारासह साधारण चार. तोंडातून जाताना स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका थोडा, पण तो विसरू नये. त्यासाठीच ड्युओडेनम ओलांडेपर्यंत फुगे फुगवणं टाळतात. संध्याकाळीही पोट दुखत असेल तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडू नका, रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाची सूज दाखवणारं एन्झाइम) तपासा. छिद्र पडण्याचा धोका मोठे पॉलिप काढताना आणि शस्त्रक्रियेने चिकटलेल्या आतड्यात वाढतो. भिंत इतकी पातळ की आर्गॉन प्लाझ्माने (आर्गॉन वायूतून दिलेल्या विद्युत उष्णतेने) रक्तवाहिनी जाळताना पॉवर कमी ठेवावी लागते, शक्यतो खाली सलाइनचा फुगवटा करून. एवढं करूनही जाळलेल्या अँजिओडिस्प्लेशियातून (अस्तरातल्या फुगलेल्या, नाजूक रक्तवाहिन्यांतून) पुन्हा रक्त जाणाऱ्यांची संख्या मोठी, साधारण तिघांत एक किंवा त्याहूनही जास्त. ही गोष्ट संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगायला हवी.

मोटरवर फिरणारा स्पायरल, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी आतड्यात पुढे सरकणारी दुर्बीण, वेगात या सगळ्यांना मागे टाकायचा. पण जाड आटे अन्ननलिकेतून न्यायचे म्हणजे पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी आली, आणि त्या आट्यांनीच अन्ननलिका फाटण्याची भीती. गंभीर घटनांनंतर ऑलिंपस या कंपनीने 2023 मध्ये तो बाजारातून परत घेतला. आजही कुठल्या माहितीपत्रकात तो दिसला तर ते पत्रक जुनं समजा.

रिपोर्ट हाती आल्यावर चार गोष्टी शोधा: कॅप्सूल सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत) पोचली का, अस्तर किती स्वच्छ दिसलं, जखम प्रवासाच्या कितव्या मिनिटाला होती, आणि दुर्बीण जिथे थांबली तिथे शाईची खूण केली का. खूण नसेल तर दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि मधला भाग न पाहिलेलाच राहतो.