ल्युमिनॉल आणि कॅसल-मायर: रक्त शोधण्याच्या दोन चाचण्या
हिमोग्लोबिनमुळे हायड्रोजन पेरॉक्साइडची अभिक्रिया वेगाने घडते, या एकाच गुणधर्मावर दोन्ही चाचण्या आधारलेल्या असल्या, तरी त्यांचे काम वेगळे आहे. वाल्टर श्पेख्ट यांनी १९३७ मध्ये गुन्हेतपासासाठी पुढे आणलेले ल्युमिनॉल अंधारात फवारले जाते आणि पुसलेल्या किंवा धुतलेल्या रक्ताच्या जागीही निळसर प्रकाश उमटतो. त्यामुळे ओढत नेल्याच्या खुणा किंवा पावलांचे ठसे एकसंध दिसतात, जे दुसऱ्या चाचणीला साधत नाही. मात्र हा प्रकाश अल्पकाळ टिकतो, म्हणून कॅमेरा आधीच सज्ज ठेवावा लागतो. शिवाय ब्लीचने आणि तांब्यानेही तो उमटतो, आणि जागा साफ करणाऱ्याने बहुधा ब्लीचच वापरलेले असते!

डाग डोळ्यांना दिसत असेल, तर कॅसल-मायरच श्रेयस्कर. बोळ्यावर घेतलेल्या नमुन्यावर आधी फिनॉल्फ्थॅलीनचे क्षपित (रासायनिक प्रक्रियेने रंगहीन केलेले) द्रावण आणि मग पेरॉक्साइड टाकल्यावर काही सेकंदांत गुलाबी रंग आला, तर रक्ताची शक्यता धरतात. पेरॉक्साइडपूर्वीच रंग आल्यास निकाल ग्राह्य नसतो. मूळ डागावर रसायन पडत नाही, हा तिचा मोठा लाभ. रक्त माणसाचे की प्राण्याचे, हे मात्र दोन्ही चाचण्या सांगत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतील पुष्टिदायक तपासणी लागतेच.