मागच्या अंगणातल्या डासांची फवारणी: पैसे वसूल झाले का?

तीन वेळा करून घेतली म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव नको, कारण रेटचं गणित सगळीकडे साधारण सारखंच असतं, जागा किती, झाडी किती दाट आणि वर्षाचं पॅकेज घेताय की एकच फेरी. एक फेरी सुटी घेतली तर महाग पडते, पॅकेजमध्ये स्वस्त वाटते, पण मग गरज नसतानाही माणूस येऊन मारून जातो, हे आधी कोणी सांगत नाही.

काम मात्र नीट केलं हां. पाठीवर ब्लोअर, पानांच्या खालच्या बाजूला फवारा, कारण दिवसा डास तिथेच बसून असतात, आणि फुलांवर मारायचं नाही कारण मधमाश्या मरतात. पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक होतं, असर साधारण 3 आठवडे राहतो म्हणाले. पहिला आठवडा मस्त गेला, दुसऱ्या आठवड्यात परत चावायला लागले!

शेवटी मीच बघितलं तर तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत बोटभर पाणी आणि त्यात अळ्या वळवळतायत. अंड्यापासून डास व्हायला हवा गरम असेल तर 7 ते 10 दिवस पुरतात, मग पानांवर कितीही मारा, काय उपयोग? एवढे पैसे घेणाऱ्याने ती ताटली तरी उलटी करायची ना. पुढच्या वेळी आधी साचलेलं पाणी तपासणार का ते विचारूनच पैसे देणार.

5 पैकी 3.