सेल्फ बदलल्याचे पैसे घेतले आणि जुन्यालाच रंग देऊन बसवला

इंदूरच्या बायपासला आमच्या मेहुण्यांचं मॅरेज गार्डन आहे, तिथल्या यंत्रांचं काम मी बघतो. लॉन मोठं असल्यामुळे गवत कापायला बसून चालवायचं मशीन घेतलंय. अशी मशीनं आपल्याकडे कमी, ती जाणणारे मिस्त्री त्याहून कमी. ह्याचाच फायदा घेऊन लोकांना लुबाडणारे आहेत, म्हणून हे लिहितोय.

नवरात्राच्या सुमारास मशीन बंद पडलं. किल्ली फिरवली की 'टक्' असा आवाज यायचा, पुढे काही नाही. ओळखीतून एक मिस्त्री आला. व्होल्ट मोजायचा मीटर काढलाच नाही, किल्ली फिरवून बघितली आणि म्हणाला, "साब, सेल्फ जल गया, सोलेनॉइड भी गया." सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, सोलेनॉइड म्हणजे तिला बॅटरीचा करंट सोडणारा स्विच. मशीन वर्कशॉपला नेलं. साडेअठरा हजार घेतले. पक्कं बिल मागितलं तर "भेजता हूँ", जुने पार्ट मागितले तर "वो कंपनी में वापस जाते हैं". मशीन मात्र चालू होऊन आलं.

तुळशीची लग्नं लागली, बुकिंग सुरू झाली आणि पुन्हा तेच 'टक्'. मिस्त्री फोन उचलेना. मग ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं आधी बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. मीटरवर जवळजवळ चार व्होल्ट आले. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. दिसला, तर अर्थची, म्हणजे बॅटरीचं मायनस चॅसिस-इंजिनला जोडणारी, वायर किंवा तिचा जोड खराब आहे, सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचतच नाही.

चॅसिसवरचा अर्थचा बोल्ट सोडला तर रिंगखाली गंज आणि हिरवट भुकटी. पॉलिशपेपरनं घासून, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं, आणि पहिल्याच किल्लीला मशीन चालू! खर्च जवळपास शून्य. वर्कशॉपमध्येही तोच बोल्ट आवळला असणार, असं आम्हा दोघांचं मत पडलं.

मग त्यानं सेल्फ उतरवून दाखवला. वरून चकचकीत चंदेरी रंग, पण तो बोल्टच्या आट्यांतही गेलेला, आणि कडेला जुन्या तेलाचा काळा थर रंगाखाली तसाच. नवा पार्ट असा येत नाही. ब्लेडनं रंग खरवडला तर आत ठोकलेला नंबर निघाला. मशीन घेतलं तेव्हा मी सगळ्या पार्टांच्या नंबरांचे फोटो काढून ठेवले होते. नंबर तोच.

ह्याहून भयंकर गोष्ट सीटखाली होती. तिथल्या सेफ्टी स्विचचा प्लग काढून त्यात वायरचा तुकडा अडकवून टेप गुंडाळली होती. पाती फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला किंवा पडला तर इंजिन बंद पडावं, म्हणून तो स्विच असतो. तो असा डायरेक्ट केला तर माणूस खाली आणि पाती चालूच. आमचे माळीकाका साठीचे आहेत, रोज ह्याच मशीनवर बसतात. पैशांचं दुःख सोसलं असतं, हे नाही सोसवत.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर मिस्त्री येण्याआधी गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, पाती बंद ठेवून जम्पर केबलनं बॅटरीचं मायनस थेट इंजिनच्या धातूला जोडा आणि किल्ली फिरवून बघा. सेल्फ फिरला, तर दोष अर्थचा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत, नाहीतर चार्जिंगकडे बघा. आणि मशीन दुरुस्त होऊन आलं की सीट उचलून प्लग बघाच.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पैसे परत नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि दोन्ही नंबरांचे फोटो जोडतोय. इंदूरमध्ये आणखी कुणाला असा रंगवलेला सेल्फ मिळाला असेल, तर रंग खरवडून नंबर बघा आणि तुम्हीही तक्रार करा.