सिंहगड रस्त्यावरची आमची संस्था : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

२०२४च्या जूनमध्ये आम्ही सोलापूरहून पुण्यात, धायरीला राहायला आलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची. आम्ही दोघंही नोकरीला, इमारतीत ओळखीचं कुणी नाही आणि आजी-आजोबा अडीचशे किलोमीटरवर. पहिल्याच आठवड्यात वॉचमनकाका म्हणाले, "ताई, मागच्या गल्लीत शनिवारी पोरांना खेळणी देतात, घरी न्यायला. जाऊन बघा." त्या शनिवारपासून आजपर्यंत आम्ही या संस्थेत जातोय. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत. आमच्या भागातल्यांना ती ओळखू येईलच.

जागा म्हणजे तळमजल्यावरचे दोन गाळे. एकात खेळणीघर आणि मुलांची पुस्तकं, दुसऱ्यात एक लांब टेबल, चार खुर्च्या आणि फायलींचं कपाट. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात दार उघडं असतं. वर्षभरात मी ते दोनदाच बंद पाहिलं, आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी दारावर कागद लावलेला होता. संस्थेचे कार्यक्रम पुष्कळ असतात आणि लोक तिला त्यांच्यावरूनच ओळखतात. मला मात्र हे ठरलेल्या वेळी उघडणारं दार सगळ्यात मोलाचं वाटतं. का, ते सांगते.

खेळणीघराचा हिशेब साधा आहे. महिन्याला पन्नास रुपये, एका वेळी एक खेळणं आणि दोन पुस्तकं, मुदत पंधरा दिवसांची. लाकडी ठोकळे, भातुकली, चित्रांची कोडी, मण्यांच्या पाट्या असं बरंच काही आहे. बॅटरीवर वाजणारं काहीच ठेवत नाहीत, हे मला फार आवडलं. पण कोड्यांचे तुकडे हरवतात. आम्ही आणलेल्या चार कोड्यांपैकी दोनांत एकेक तुकडा कमी होता, आणि शेवटचा तुकडा न सापडल्यावर चार वर्षांचं मूल किती रडतं हे आईबापांना वेगळं सांगायला नको. परत घेताना तुकडे मोजून घ्या असं मी तीनदा सांगितलं. डिसेंबरपासून डब्यावर आकडा लिहितात, पण मोजतातच असं नाही.

आम्ही आलो त्याच पावसाळ्यात, २५ जुलैला, खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी पहाटेच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या घरांत शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. पाणी ओसरल्यावर चादरी, भांडी, कोरडा शिधा वाटायला पुष्कळ लोक धावून आले. आमच्या संस्थेने शिधा दिलाच, पण त्या मंगळवारी त्यांच्या लांब टेबलावर मी वेगळंच दृश्य पाहिलं. भिजलेली रेशनकार्डं, शाळेचे दाखले, जन्मदाखले वर्तमानपत्रांच्या मधे पसरून पंख्याखाली वाळत होते. एक निवृत्त शिक्षक प्रत्येक घराची यादी करत होते : कोणता कागद वाचण्याजोगा आहे, कोणता गेला, दुसरी प्रत कुठल्या कचेरीत मिळेल आणि सोबत काय न्यायचं. ते काम दिवाळीपर्यंत चाललं. पुराचे फोटो लोकांच्या मोबाइलमधून केव्हाच मागे पडले होते, तरी मंगळवारी टेबलाशी कुणीतरी ओली फाइल घेऊन बसलेलं असायचं.

याच टेबलाने आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं मोठं काम केलं. त्यांच्या नातीला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांतून, पहिलीला प्रवेश हवा होता. कायदा २००९चा, पण दरवर्षी नियमांचा गोंधळ असतो. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट, असा बदल राज्याने २०२४च्या फेब्रुवारीत केला होता. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मावशींना वस्तीत कुणीतरी सांगितलं होतं की आता खासगी शाळा मिळतच नाही. तो निकाल त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा पहिला माणूस त्या टेबलावर भेटला.

खरी अडचण भाडेकराराची निघाली. मावशींकडे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद होता, आणि राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृतच लागतो. तोही अर्ज सुरू होण्याआधीचा लागतो. संस्थेतल्या ताईंनी हे नोव्हेंबरमध्येच सांगितलं म्हणून निभावलं. जानेवारीत कळलं असतं तर वर्ष गेलं असतं. घरमालक नोंदणीला तयार नव्हता, त्याला कराची भीती. ताई दोनदा त्याच्या घरी गेल्या. नोंदणीचे हजार रुपये आणि वरचा खर्च मावशींनी आणि मी मिळून भरला. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा लाखाच्या आत आहे ना, जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, हे सगळं आधी तपासून झालं.

जानेवारीत अर्ज भरताना मी शेजारी बसले होते. नकाशावर घराची जागा दाखवावी लागते आणि त्यावरून शाळेचं अंतर धरलं जातं. मावशींचं घर गल्लीच्या आत. नकाशावरचा फुगा आपोआप मुख्य रस्त्यावर जाऊन बसत होता. तो हलवून नेमका त्यांच्या दारावर ठेवायला टेबलाशी अर्ज भरून देणाऱ्या मुलाने वीस मिनिटं घेतली. मागे रांग वाढत होती, पण त्याने घाई केली नाही. फेब्रुवारीच्या सोडतीत नात प्रतीक्षा यादीत आली, मार्चमध्ये तिचा नंबर लागला. आठवीपर्यंत फी नाही. मावशी त्या दिवशी आमच्याकडे पेढे घेऊन आल्या आणि बराच वेळ ओट्याशी नुसत्या उभ्या राहिल्या.

त्याच जानेवारीत जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी, खडकवासला, म्हणजे आमचाच पट्टा. यातला धायरीचा उरलेला भाग २०१७मध्ये तर बाकीची गावं २०२१मध्ये महापालिकेत आली, पण पाण्याचं रडगाणं अजून संपलेलं नाही. मोबाइलवर रोज नवी अफवा : पनीर खाऊ नका, कोंबडी खाऊ नका, मुलांना शाळेत पाठवू नका. संस्थेत येणाऱ्या एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी सलग तीन आठवडे दोन्ही दिवशी टेबलाशी बसून एकच गोष्ट सांगितली : पाणी खळखळ उकळा, टाकी धुवा, आणि मुलाच्या पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, जिना चढता येईना, हातापायांना मुंग्या आल्या तर रात्र काढू नका, तडक दवाखान्यात न्या. पालिकेने कमला नेहरू रुग्णालयात केलेल्या सोयीचा पत्ता आणि जायचा रस्ता दारावर मोठ्या अक्षरांत लावला होता. माझी मुलगी तेव्हा जुलाबाने आजारी होती. मी घाबरून कामावरून आले आणि तिला घेऊन थेट संस्थेत गेले. परिचारिकाबाईंनी तिला गुडघे वाकवायला लावले, उकिडवं बसून उठायला लावलं, आणि "तरीही डॉक्टरांना दाखवाच," असं म्हणून मला पाठवलं. तिला काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी जवळ कुणीतरी होतं, हे मी विसरणार नाही.

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. शाडूच्या गणपतीची कार्यशाळा चांगली, फक्त गर्दी फार. भोंडला मात्र मनापासून आवडला. पाटावर हत्ती काढला होता. फेर धरला तेव्हा कळलं की आमच्या भागात किती ठिकाणची माणसं आहेत. सांगलीच्या काकू याला हादगा म्हणाल्या, अकोल्याच्या दोघींनी भुलाबाईची गाणी म्हटली, आणि खिरापत ओळखताना मुलांनी इतका गलका केला की समोरच्या दुकानदारांनी येऊन डब्यात काय आहे ते विचारलं. माझ्या मुलीला तिची पहिली मैत्रीण तिथेच मिळाली.

मे महिन्यातली पुस्तकांची देवाणघेवाण या वेळी फसली. २०२३-२४पासून बालभारतीच्या पुस्तकांत मधे मधे कोरी पानं जोडलेली होती. मुलांनी त्यांवर पेनने नोंदी केल्या, उत्तरं लिहिली. अशी पुस्तकं दुसऱ्या मुलाला द्यायची कशी? २०२५-२६पासून ती पानं काढली आहेत, तेव्हा यापुढे हे काम पुन्हा रुळावर येईल असं वाटतं.

आता तक्रारी. पालकसभा आणि आरोग्य तपासणी नेहमी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराला. नोकरी करणाऱ्या आईने यायचं कसं? आणि मावशींसारख्या, पाच घरी कामाला जाणाऱ्या बायकांनी तर त्याहून नाही. दोनदा लिहून दिलं, उत्तर आलं नाही.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. जून महिन्यात वह्यावाटप झालं तेव्हा देणगीदारांसाठी मुलांना हातात वह्या धरून रांगेत उभं केलं आणि फोटो काढले. त्यात मावशींची नातही होती. ती मान खाली घालून उभी होती. मी तिथेच बोलले. वातावरण जरा तापलं. "फोटो नसेल तर देणगी येत नाही," असं सांगण्यात आलं, आणि त्यात खोटं काही नसावं. पण वही मुलाला हवी आहे म्हणून त्याचा चेहरा मागायचा हक्क कुणालाच मिळत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय घेतला. आता वह्यांच्या गठ्ठ्यांचे फोटो काढतात, मुलांचे काढायचे तर आईबापांना आधी विचारतात. विचारल्यावर नाही म्हणण्याइतका धीर सगळ्यांना होतो का, हा प्रश्न मी लावून धरला आहे.

नव्याने जाणाऱ्यांसाठी : पहिल्यांदा शनिवारी जा, मंगळवारी टेबलाशी गर्दी असते. खेळणीघराच्या नोंदणीला लाइटबिलाची प्रत आणि दोन फोटो लागतात. आरटीईचं काम असेल तर दिवाळीआधीच भाडेकरार घेऊन जा. आणि कोडं आणणार असाल तर डबा तिथेच उघडून तुकडे मोजा.