कोरेगाव रोडचा बोर्डिंग तबेला : खुराक झकास, रात्रीचं मात्र बघून घ्या

घराचं आणि मागच्या शेडचं काम काढलं होतं म्हणून आमची मारवाडी घोडी काही दिवस बाहेर ठेवावी लागली. साताऱ्यातनं कोरेगावला जाताना रोडपासून थोडं आत एक बोर्डिंग तबेला आहे, तिथं. नाव लिहीत नाही, जे बोलायचं ते मालकांशी तोंडावर बोललोय, पण घोडंवाल्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहितोय.

खुराकाबद्दल बोलायलाच नको. ताजा लसूणघास, कडब्याची कुट्टी, भिजवलेला हरभरा, सगळं टायमावर, खरारा रोज, पाण्याची टाकी स्वच्छ. ५ पैकी ५. आणि बहुतेक लोक एवढंच बघून पैसे देऊन निघतात. घोडं तिथं झोपतंय का हे कोणी विचारतच नाही.

घोडा उभ्यानं झोपतो हे आपल्याला शाळेपासून माहितीये, पण ते अर्धंच खरं आहे. पायाचे सांधे आणि कंडरा अशा अडकतात की ताकद न लावता उभं राहून डुलकी काढता येते, हलकी झोप त्यात होते. पण स्वप्नाची झोप असते ना, ज्यात अंग पार ढिलं पडतं, ती उभ्यानं होत नाही, खाली बसून तोंड टेकवायला लागतं नाहीतर सरळ कुशीवर पडायला लागतं. २४ तासात घोड्याची सगळी मिळून झोप ३ ते ५ तास, ती पण तुकड्या-तुकड्यात, आणि त्यातली ही स्वप्नाची झोप फक्त अर्धा ते एक तास. तेवढी मात्र लागतेच.

आता जागा बदलली की पहिला फटका इथंच बसतो. पळून जीव वाचवणारं जनावर आहे, पडल्यावर उठायला वेळ लागतो, मग जिथला वास ओळखीचा नाही, आवाज ओळखीचे नाहीत, शेजारी कोण आहे माहीत नाही तिथं ते आडवं कसं होणार. कळपात एक उभं राहून राखण करतं तेव्हा बाकीची निवांत पडतात. एकटं नवीन घोडं स्वतःच राखण करत बसतं.

तिथले सांभाळणारे मामा जुने जाणकार आहेत (तबेल्याचे निम्मे मार्क मी त्यांनाच देतो). सोडायला गेलो तेव्हाच म्हणाले, "आवो, नव्या ठाण्यावर घोडं लगेच आडवं व्हत नाय, आधी त्याला जागा कळाया पायजे, घरचा जुना भुसा एक पोतं आणून टाका." आणलं, खाली अंथरायचा लाकडाचा भुसा. शिवाय तिला अशी खोली दिली की गजातनं शेजारची शांत म्हातारी घोडी दिसत राहील. खोली १२ बाय १२ फूट, म्हणजे पडायला आणि लोळून उठायला जागा पुरते.

सीसीटीव्ही आहे, मागितलं की व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवतात, हे लय भारी काम केलंय. पण त्यातच कळलं की घोडी सुरुवातीला रात्रभर दाराकडं तोंड करून उभी, कान सारखे फिरतायत. बघायला गेलो तर कारणं समोरच होती. दारावर पांढरा एलईडी फ्लड रात्रभर चालू, चोरीच्या भीतीनं. खाली सिमेंटचा कोबा आणि त्यावर भुसा चार बोटं, उठता-बसता घसरतं आणि सांधे घासतात, मग घोडं पडायचंच टाळतं. आणि लग्नसराईत जवळच्या लॉनवरचा डीजे, त्याला तबेलेवाले तरी काय करणार म्हणा.

लाइट त्यांनी सांगितल्यावर लगेच बंद केला, आता आवारात लांब एक बल्ब असतो. भुसा वीतभर केला, पण त्याचे जादा पैसे लावले आणि हे मला पटलं नाही, गादी ही बोर्डिंगमध्येच धरायला पाहिजे. त्यानंतरच्या क्लिपमध्ये पहाटेच्या आधी ती पाय दुमडून बसलेली दिसली, पुढं पुढं कुशीवर पण. कॅमेरा नसला तरी सकाळी कुशीला, शेपटीला भुसा चिकटलाय का बघा, कळतं.

बाहेरच्या शेडमध्ये मात्र काही वरातीची घोडी अगाडी-पिछाडी लावून (म्हणजे पुढून दावं आणि मागच्या पायांना दोर) बांधलेली असतात, रात्री पण. दावं एवढं आखूड की मान जमिनीला टेकत नाही, पडणार कसं? त्यातल्या एकाच्या पुढच्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्यावर जुने खरचटल्याचे डाग होते. झोप तुंबलेलं घोडं उभ्या उभ्या पेंगतं, गाढ झोपेत जायला लागतं आणि गुडघ्यातनं एकदम खचतं, त्याच्या खुणा त्या खुराच्या वरच्या सांध्यावर उमटतात. मालक म्हणाले अशक्तपणा आहे, टॉनिक चालू केलंय. म्हाताऱ्या घोड्याचे सांधे दुखत असतील तरी ते पडत नाही, म्हणून डॉक्टरला दाखवाच, पण आधी रात्रीची पिछाडी सोडून बघायला काय जातंय.

एकूण ५ पैकी साडेतीन. आतली खोली मिळत असेल तर ठेवा, बाहेरच्या शेडला नको. लग्नाच्या तारखा बघून जा, पहिले काही दिवस रपेट-बिपेट लावू नका, आणि भुशाचे पैसे आधीच ठरवून घ्या. आमचं शेडचं काम अजून लांबलंय, त्यामुळं घोडी सध्या तिथंच आहे, भुसा आता मी कोरेगावच्या लाकूड मिलमधनं स्वतःच टाकतोय, स्वस्त पडतो.