मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरचा फ्लॅट : आठ महिन्यांनंतर, आणि एका छज्ज्याबद्दल जरा जास्तच

आर्ट डेको (१९३०-४०च्या दशकांतल्या शैलीतली) इमारत, गॅलरीसमोर घड्याळाचा राजाबाई टॉवर, २०१८ सालची युनेस्कोची जागतिक वारसा यादी हे सगळं ब्रोकरनं तुम्हालाही ऐकवलं असेलच. ते खरं आहे. मी सरळ तक्रारीवर येतो.

ताबा डिसेंबरात घेतला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री मागच्या बेडरूममधली गादी भिजली. पुढची खोली मात्र ठणठणीत कोरडी! ती पूर्वेला, मैदानाकडे. पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, तो पाठीमागून झोडपतो. घर बघायला गेलेला प्रत्येक जण पुढच्या गॅलरीत अर्धा तास रमतो आणि मागच्या खोलीत दिवा लावून "छान आहे" म्हणत बाहेर पडतो. मीही तेच केलं. निदान एकदा तरी भर पावसात जाऊन बघा.

सगळा राग सागवानी खिडकीवर काढला. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचं कोटेशन मागवलं. सेक्रेटरीकाकांनी चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, इमारतीच्या बाहेरच्या अंगाला हात लावायचा तर पालिकेच्या हेरिटेज समितीची परवानगी लागते. एवढे पैसे मोजून स्वतःची खिडकी बदलता येऊ नये? त्याच दिवशी लिहिलं असतं तर एक तारा दिला असता.

मग वॉटरप्रूफिंगवाला. चौदा हजार घेऊन चौकटीभोवती सिलिकॉन फासून गेला. पुन्हा गळलं. फोन केला तर म्हणे, "साहेब, यंदा पाऊसच जास्त आहे." पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

शेवटी एक म्हातारे सुतार आले. त्यांनी खिडकीकडे बघितलंच नाही. डोकं बाहेर काढून वर पाहिलं. या इमारतींना खिडक्यांच्या वरून पट्टीसारखा सलग छज्जा जातो ना, तो मला नुसता नखरा वाटायचा. आमच्या खिडकीवर तो दीडेक फूट कापलेला होता, आधीच्या मालकानं, एसीचं बाहेरचं युनिट बसवायला! कापलेल्या जागी सळ्या उघड्या पडल्या, खाऱ्या हवेत गंजून फुगल्या, त्यांनी काँक्रीट फोडलं, आणि पाणी त्या भेगेतून थेट चौकटीच्या डोक्यावर. खिडकी निर्दोष. बिजागऱ्या जुन्या पितळी, एका बोटानं फिरतात. ज्या नियमाला मी शिव्या घातल्या, तोच त्या गृहस्थानं पाळला असता तर माझी गादी वाचली असती. जाहिरातीत याच भोकाला "एसी पॉइंट रेडी" म्हटलं होतं.

बाकी थोडक्यात. पार्किंग विचारू नका. लिफ्टचं जाळीचं दार कोणीतरी उघडं टाकतं आणि लिफ्ट वरच अडकते. गुडघे दुखत असतील तर खालचाच मजला बघा. टॉवरच्या घड्याळाचे टोल आठवड्याभरात ऐकू येईनासे होतात. टेराझोची (सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे घालून घोटलेली) फरशी मे महिन्यातही थंड, त्यावर चटई टाकून झोपतो. घरात एसी नाही हे कुणाला खरं वाटत नाही.

छज्जा पूर्ववत करायचा अर्ज दिलाय. तोवर वर ताडपत्री. काढलेलं युनिट स्वयंपाकघरात पडून आहे, चालू स्थितीत; कुणाला हवं असेल तर चार हजारांत देईन, उचलून नेण्याचा खर्च तुमचा.